डॉक्टर अचानक गेले, आता हॉस्पिटल चालू ठेवता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावात दाजींचं बारा बेडचं मॅटर्निटी होम, दाजी स्वतः गायनॅक, वर सोनोग्राफी, खाली त्यांच्याच नावावर मेडिकल. पंधरा दिवसांपूर्वी हार्ट अटॅकने गेले. ताई बीकॉम आहे, हॉस्पिटलचा हिशोब तीच बघायची, भाची एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला. शेजारच्या गावातले एक डॉक्टर म्हणतायत मी रोज दोन तास येतो, ओपीडी आणि सोनोग्राफी करतो, सगळं आहे तसं चालू ठेवा, पेशंट तुटू देऊ नका. तर हे करावं का, आणि भाची डॉक्टर होईपर्यंत हॉस्पिटल सांभाळता येईल का? सोबत अजून एक विचारणा आहे की डॉक्टर गेले नाहीत पण पॅरालिसिस झालाय, अशा वेळी काय.

मी नर्सिंग होमची रजिस्ट्रेशन, भागीदारी, विक्री-हस्तांतरण हीच कामं करतो आणि अशा घरांमधे बराच बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. हॉस्पिटल चालू ठेवता येतं, पण "आहे तसं" ठेवता येत नाही. इमारत, बेड, मशीन, बँकेतले पैसे हे सगळं वारसांकडे येतं. रजिस्ट्रेशन, सोनोग्राफीचं प्रमाणपत्र, गर्भपात केंद्राची मान्यता, मेडिकलचं लायसन यातलं काहीच वारसाने येत नाही, ते दाजींच्या नावावर होतं आणि आता प्रत्येक गोष्ट नव्या माणसाच्या नावावर नव्याने घ्यावी लागणार. पेशंट तुटतील ही भीती खरी आहे, पण मेलेल्या माणसाच्या परवान्यावर एक सोनोग्राफी जरी झाली तरी ताई आणि ते डॉक्टर दोघंही अडकतील, म्हणून पहिल्यांदा सोनोग्राफीचंच बोलतो.

सोनोग्राफी मशीन आज बंद. उद्या नाही, आज. गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, आणि त्याच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की प्रमाणपत्र हस्तांतरित होत नाही, मालक किंवा व्यवस्थापन बदललं की जुनं प्रमाणपत्र परत करायचं आणि नव्या मालकाने नव्याने अर्ज करायचा. ते येणारे डॉक्टर कितीही क्वालिफाइड असले तरी या सेंटरच्या रजिस्ट्रेशनवर त्यांचं नाव नसेल तर त्यांनी मशीनच्या प्रोबला हात लावायचा नाही. शिवाय एका डॉक्टरला एका जिल्ह्यात दोनच सेंटरवर नाव लावता येतं, त्यांचं आधीच दोन ठिकाणी असेल तर विषयच संपला. तर साध्या भाषेत एक पत्र लिहा, अमुक तारखेला डॉक्टरांचं निधन झालं, तेव्हापासून मशीन बंद आहे, मेक, मॉडेल, सिरियल नंबर असा असा, सोबत मृत्यूचा दाखला, आणि ते समुचित प्राधिकाऱ्याच्या (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसला देऊन आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घ्या. तालुक्याच्या गावात कोणत्या ऑफिसला द्यायचं ते सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात पीसीपीएनडीटीचं काम बघणारा माणूस सांगेल. ते येऊन मशीन सील करून पंचनामा करतील, तर करू द्या, सील झालेलं मशीन हा ताईंच्या बाजूचा पुरावा आहे.

आणि एक. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मागच्या महिन्याचा रिपोर्ट जातो, दाजींनी शेवटच्या महिन्यात ज्या सोनोग्राफ्या केल्या त्यांचे एफ फॉर्म (प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा भरायचा फॉर्म) मोजून तो रिपोर्ट पाठवा. एखाद्या एफ फॉर्मवर सही राहिली असेल, एखादा रकाना कोरा असेल, तर तो तसाच ठेवा आणि पत्रात नमूद करा. सिस्टरला किंवा कंपाउंडरला वाटतं की सरांची सही आपण मारून टाकू, चांगल्या मनाने वाटतं, पण तारखा जुळवल्या की ते पाच मिनिटात उघडं पडतं. हे रेकॉर्ड किमान दोन वर्षं जपायचंय आणि एखादी केस चालू असेल तर ती निकाली लागेपर्यंत. मशीन विकायचं झालं तरी घेणारा रजिस्टर्ड सेंटरवालाच पाहिजे आणि प्राधिकाऱ्याला कळवूनच व्यवहार, कोणी रोख पैसे देऊन आजच उचलून नेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याबद्दल कोणीच विचारत नाही. ओपीडीच्या टेबलावर एएनसी रजिस्टर, म्हणजे तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांची वही, असेल. ते घ्या, सिस्टरला शेजारी बसवा, आणि येत्या दोन महिन्यांत ज्यांची तारीख आहे त्या सगळ्या बायकांची नावं वेगळ्या कागदावर काढा. त्यातही आधी सिझर झालेल्या, बीपी वाढलेल्या, शुगरच्या, आरएच निगेटिव्ह, जुळं असलेल्या, यांची नावं सगळ्यात वर. प्रत्येकीला फोन करा. "सर गेले" एवढंच सांगून फोन ठेवू नका, तिची फाइल, रिपोर्ट, सोनोग्राफीच्या कॉप्या तयार ठेवल्यात, या आणि घेऊन जा, आणि अमुक दोन डॉक्टरांशी आम्ही बोललोय, तुम्हाला पटेल तिकडे नाव घाला, असं सांगा. ज्या बाईचा नवरा उसाच्या टोळीवर आहे, फोन लागत नाही, तिच्या गावच्या आशाताईला गाठा. रात्री दोन वाजता कळा सुरू झालेली बाई कुलूप लावलेल्या दारापाशी येऊन उभी राहिली तर तिचं काय होईल याचा विचार करा. म्हणून गेटवर ठळक बोर्ड पण लावा, सध्या प्रसूतीसेवा बंद, जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे, १०८ चा नंबर, दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर. पेशंट नावाने आपल्याकडे टिकून राहावा म्हणून फाइल अडवून ठेवायची नाही. पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं हा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतला नियम आहेच, पण नियम नसता तरी द्यायलाच पाहिजे होतं.

जन्माच्या नोंदी बघा. हॉस्पिटलमधे झालेला जन्म कळवायची जबाबदारी हॉस्पिटल चालवणाऱ्याची, मुदत २१ दिवस. दाजी गेले त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या डिलिव्हऱ्या हमखास राहिलेल्या असतात, कारण पोर्टलचं लॉगिन त्यांच्याच मोबाइलवर. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेत जाऊन लेबर रूमच्या रजिस्टरवरून त्या नोंदी करून घ्या, नाहीतर ते लेकरू शाळेत जायच्या वेळेला आईबाप दाखल्यासाठी हेलपाटे मारत बसतील.

त्यावरून आठवलं, दाजींचं सिम बंद करू नका. जन्मनोंद, बायोमेडिकल वेस्ट, जीएसटी, इन्कम टॅक्स, इन्शुरन्सवाल्यांचे क्लेम, सगळ्याचे मेसेज त्याच नंबरवर येतात आणि कुठे काय होतं हे शोधायला तोच एक धागा आहे. पण मेसेज वाचणं वेगळं आणि त्यांच्या ओटीपीने बँकेतून पैसे काढणं वेगळं. बँकेला मृत्यू कळवल्यावर खातं थांबतं म्हणून बरेच जण आधी पैसे फिरवून घेतात आणि मग सासरच्या माणसांशी त्यावरून वर्षानुवर्षं भांडण चालतं. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड पण पहिल्याच दिवशी काढा, तो दाजींच्या खात्याचा आहे, पेशंट आणि मेडिकलची गिऱ्हाइकं त्यावर पैसे टाकत राहतात आणि ते अडकून पडतात. ताईंच्या नावावर वेगळं खातं काढून जुनी येणी तिकडे पावती देऊन घ्या आणि वहीत लिहा, ही रक्कम सगळ्या वारसांची आहे असं समजूनच.

वारस कोण? दाजी हिंदू असतील आणि मृत्यूपत्र नसेल तर बायको, मुलगी आणि दाजींची आई हयात असेल तर तीसुद्धा, सारखा वाटा. आईचा वाटा असतो हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं. आणि खात्यावर नॉमिनी ताई असल्या तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बँकेकडून पैसे ताब्यात घ्यायचा हक्क तेवढा. म्हणून सासूबाईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, त्यांना कागद वाचून दाखवा. त्या हक्क सोडणार असतील तर रजिस्टर्ड हक्कसोडपत्र करा, तोंडी बोलण्यावर इमारत उभी ठेवू नका. हॉस्पिटलवर कर्ज असेल, मशीनचे हप्ते असतील तर पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला जाऊन भेटायचं, कर्जासोबत विमा काढलेला असतो तो खूपदा घरच्यांना माहीत नसतो, मंजुरीपत्र मागून बघा. दाजी आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) सोशल सिक्युरिटी स्कीमचे मेंबर होते का तेही ब्रांचच्या सेक्रेटरींना विचारा, सभासदाच्या निधनानंतर कुटुंबाला त्यातून रक्कम मिळते.

मेडिकलबद्दल थोडक्यात. दुकान दाजींच्या नावावर म्हणजे मालक बदलला. औषध नियमांत मालकी बदलल्यावर जुनं लायसन जास्तीत जास्त तीन महिने चालू धरतात, त्या आत एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) नवीन घ्यायचं, फार्मासिस्ट आहेच. पंधरा दिवस गेलेत, अडीच महिने उरलेत, या एका गोष्टीत तुमच्या हातात वेळ आहे तर तो घालवू नका. मालक बदलला म्हणजे जीएसटी नंबरही नवीन, ते सीए करतील. ओटीतल्या कपाटात फेंटानिल, केटामिन, पेंटाझोसिन असलं भुलीचं किंवा वेदनाशामक औषध असेल तर आजचा साठा मोजून दोघांच्या सह्यांनी यादी करून कुलपात ठेवा. मान्यताप्राप्त गर्भपात केंद्र असेल तर ते काम थांबवा आणि सिव्हिल सर्जनना लेखी कळवा, ॲडमिशन रजिस्टर पाच वर्षं बंद कपाटात, ते कोणालाही दाखवायचं नाही, त्यात बायकांची नावं आहेत. बायोमेडिकल वेस्टच्या गाडीवाल्याला बंद करू नका, डब्यात जे आहे ते जाऊ द्या.

मग ते रोज दोन तास यायला तयार असलेले डॉक्टर. त्यांचा हेतू चांगला आहे असंच मी धरतो. कन्सल्टिंग ओपीडी ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या रजिस्ट्रेशन नंबरवर करू शकतात, त्यासाठी खोली वापरायला देता येईल. दाजींचे उरलेले लेटरहेड, शिक्के, सही करून ठेवलेले कोरे कागद असतील तर एकत्र करून ताईंच्या ताब्यात घ्या आणि फाडून टाका. सही केलेले कोरे मेडिकल सर्टिफिकेट आणि डिस्चार्ज कार्ड मी कित्येक ड्रॉवरमधे बघितलेत. बोर्डवर दाजींचं नाव हॉस्पिटलचं नाव म्हणून राहू शकतं, पण त्यांच्या डिग्र्या आणि वेळा उतरवा, कारण बाहेरगावची बाई वाचून आत येते की हे डॉक्टर आत आहेत. पेशंट ॲडमिट करणं, डिलिव्हरी, सिझर हे मात्र नर्सिंग होमचं नवीन रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय नाही. रात्री थांबणारे निवासी डॉक्टर (आरएमओ) बीएएमएस किंवा बीएचएमएस असतील तर सगळं त्यांच्यावर टाकू नका, गायनॅकच्या जबाबदारीचं काम त्यांच्याकडून करून घेणं त्यांच्यावर अन्याय आहे आणि पेशंटवर तर आहेच.

पैशाचं ठरवताना टक्केवारी नको. तुम्ही पेशंट बघा आणि फीचे इतके टक्के ताईंना, असली बोली कट प्रॅक्टिसमधे, म्हणजे फीतून कमिशन देण्याघेण्यात, मोडते आणि कौन्सिलच्या नियमात बसत नाही. खोलीचं, स्टाफचं, लाइटचं महिन्याचं ठरावीक भाडं घ्या, बँकेतून घ्या. अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लिव्ह अँड लायसन्स महाराष्ट्रात लेखी आणि रजिस्टर्डच करावा लागतो. पहिले तीन महिने लहान करार करा, माणूस कळतो.

नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन. आपल्याकडे महाराष्ट्राचा नर्सिंग होम नोंदणीचा १९४९ चा कायदा लागू आहे, केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलेला नाही, त्यामुळे नेटवर त्याबद्दल वाचून गोंधळू नका. मालक डॉक्टरच असला पाहिजे असं नाही, ट्रस्ट आणि कंपन्यांची हॉस्पिटलं चालतातच की, म्हणजे ताई मालक म्हणून अर्ज करू शकतात, फक्त जबाबदार डॉक्टर कोण, नर्सिंग स्टाफ कोण हे दाखवावं लागतं. अडचण वेगळीच येते. दाजींचं हॉस्पिटल जुनं, दर तीन वर्षांनी नूतनीकरण होत गेलं, कोणी फार खोलात बघितलं नाही. आता नवीन अर्ज म्हटल्यावर २०२१ चे सुधारित नियम लागतात, स्टाफचं प्रमाण, दरपत्रक, रुग्णहक्कांची सनद, तक्रार निवारण, आणि जानेवारी २०२१ मधे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली तेव्हापासून फायरची कागदपत्रं कोणी सोडत नाही, आणि सोडूही नयेत. जुन्या इमारतीत एकच अरुंद जिना असेल, वरच्या मजल्याचा नकाशा मंजूर नसेल, तर हे आधी आर्किटेक्टला दाखवा. अर्ज करून नाकारून घेण्यापेक्षा खर्च किती येतो हे कळलं की पुढचा निर्णय आपोआप सोपा होतो.

आता भाचीचा प्रश्न. इथे मी स्पष्ट सांगतो, तिच्यासाठी हॉस्पिटल धरून ठेवू नका. ती दुसऱ्या वर्षाला आहे, एमबीबीएस पुरं, मग वर्षभर इंटर्नशिप, मग नीट पीजी, मग तीन वर्षं गायनॅकची मिळाली तर, म्हणजे सगळं पहिल्या झटक्यात झालं तरी सात-आठ वर्षं. तिला रेडिओलॉजी आवडली तर? स्किन आवडलं तर? बापाचा दवाखाना वाट बघतोय म्हणून त्या पोरीने ब्रांच निवडायची ही जबरदस्ती आहे, तिने तोंडाने कबूल केलं तरी. आणि दुसरं म्हणजे बारा बेडचं रिकामं हॉस्पिटल सात वर्षं ठेवणं म्हणजे वॉचमन, लाइट, टॅक्स, गंजणारा ओटी टेबल आणि शेवटी भंगाराचा भाव.

माझं मत असं, इमारत ठेवा आणि प्रॅक्टिस द्या. दोघं डॉक्टर असलेलं तरुण जोडपं, एक गायनॅक आणि एक बालरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ, अशी जोडी तालुक्याला यायला तयार असते कारण पहिल्या दिवशी तयार ओटी मिळतो. त्यांना इमारत पाच वर्षांच्या कराराने द्या, सगळी रजिस्ट्रेशन त्यांनी स्वतःच्या नावावर काढायची, सामान यादी करून एक तर विकायचं किंवा भाड्यात धरायचं. ताईंना हिशोबाचं आणि प्रशासनाचं काम येतं, पगारावर त्यांना ठेवणं दोघांच्या फायद्याचं, गावातल्या बायका ताईंना ओळखतात. हे जमवायचं तर दोन-तीन महिन्यांत जमवा. डॉक्टरच्या नावाची ओढ फार टिकत नाही, पेशंटला दोष देण्यात अर्थ नाही, पोटात बाळ असलेली बाई थांबणार कशी? वर्षभराने बंद पडलेल्या हॉस्पिटलचे फक्त विटांचे पैसे येतात. एखादं कॉर्पोरेट हॉस्पिटल विकत मागायला आलं तर घाई करू नका, पण त्यांच्या ऑफरमुळे निदान किंमत कळते.

पॅरालिसिसवाल्या प्रश्नाकडे येतो, आणि खरं सांगायचं तर तो मृत्यूपेक्षा अवघड असतो. इथे सगळं एका गोष्टीवर ठरतं, डॉक्टरांना समजतंय का. उजवी बाजू गेली, बोलता येत नाही, पण समजतंय आणि मान हलवून बरोबर उत्तर देतात, तर न्यूरोलॉजिस्टकडून तसं लेखी घ्या आणि पुढच्या काही दिवसांत बायकोच्या किंवा मुलाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा. पेशंट हलू शकत नसेल तर अर्ज केल्यावर दुय्यम निबंधक घरी किंवा हॉस्पिटलमधे येऊन नोंदणी करतात. सही येत नसेल तर बँक अंगठा घेते, अंगठाही उठत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, हे रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमधेच आहे, मॅनेजर नाही म्हणाला तर शांतपणे त्याला तेच दाखवायचं.

पण समजच गेली असेल, कोमा असेल, तर मुखत्यारपत्र नवीन होत नाही, आणि आधी केलेलं असलं तरी ते तिथेच संपतं, कारण ज्याने अधिकार दिला त्याची समज गेली की अधिकारही जातो. जुनं मुखत्यारपत्र आहे म्हणून चेकवर सह्या करत राहिलेली मुलं नंतर भावंडांच्याच तक्रारीत सापडतात. कोमातल्या माणसासाठी पालक नेमायचा सरळ वेगळा कायदा नाही, उच्च न्यायालयात रिट करावी लागते, मुंबई उच्च न्यायालयाने अशा केसमधे बायकोला पालक नेमलंय. त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो, तोवर स्टाफचे पगार घरच्या पैशातून जातात. आणि डॉक्टर हयात आहेत म्हणून रजिस्ट्रेशन चालू आहे असं समजून दुसऱ्याच्या हातून त्यांच्या नावावर काम करू नका. ते बेडवर असताना त्यांच्या नावाने सिझर झाल्याचं कागदावर दिसलं तर ते कोणत्याच कोर्टात टिकणार नाही.

यातून बरे झालेले डॉक्टर चार महिन्यांनी परत ओपीडीत बसायचं म्हणतात. बसावं, मनाला उभारी येते, माझा पाठिंबा असतो. फक्त सर्जननी ओटीत जाण्याआधी दुसऱ्या सर्जनकडून हात, नजर, निर्णय तपासून घ्यावा, आणि हे सांगायचं काम बायकोवर टाकू नये, मित्राने सांगावं.

जे डॉक्टर धडधाकट आहेत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी. दोघांची भागीदारी असेल तरी एक गेला की फर्म संपते, करारात काहीही लिहिलेलं असो, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही, म्हणून तिसरा भागीदार घ्या किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करा. मृत्यूपत्र दोन साक्षीदारांच्या सह्यांनी करा, रजिस्टर केलं तर उत्तम. आणि सोनोग्राफीच्या रजिस्ट्रेशनवर आजच दुसऱ्या एका क्वालिफाइड डॉक्टरचं नाव वाढवून घ्या, त्यासाठी तीस दिवस आधी कळवावं लागतं. त्याने मालकी बदलताना लागणारा नवा अर्ज चुकत नाही, पण तुम्ही आठ दिवस आजारी पडलात तर काम थांबत नाही.

राहिला दाव्यांचा मुद्दा. ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षं असते, बाळाच्या बाबतीत वाद लांबू शकतो. डॉक्टर गेल्यावर दावा झाला तर वारसांना मिळालेल्या इस्टेटीपुरतीच जबाबदारी येते, ताईंच्या स्वतःच्या पगारावर किंवा स्त्रीधनावर नाही. पण म्हणून दाजींची इन्डेम्निटी पॉलिसी (पेशंटच्या दाव्यांसाठी डॉक्टर काढतात तो विमा) विसरू नका, कंपनीला मृत्यू लेखी कळवा आणि वारसांना कव्हर आहे का, किती काळ, हे लेखी उत्तर मागा. या पॉलिसीत सहसा दावा येतो त्या तारखेला पॉलिसी चालू लागते, त्यामुळे आता हप्ता वाचवला तर जुन्या केसेस उघड्या पडतात. इनडोअर पेपर, म्हणजे ॲडमिट पेशंटचे केसपेपर, नियमाने तीन वर्षं ठेवायचे असतात, प्रसूतीचे मात्र जितके जास्त ठेवता येतील तितके ठेवा, वर्षवार गठ्ठे, कोरड्या खोलीत, वाळवी बघून. इमारत कोणाला दिली तरी त्या खोलीची चावी ताईंकडेच राहील असं करारात घाला.